चाळीसच्या वर खोकते

माझ्या भावानं, त्रिंबकनं, आपल्या मुलीसाठी आतापर्यंत चार स्थळं बघितली आणि चारही वेळा मुलामुलीला 'बोलायला' गच्चीवर पाठवलं. पडेगावात आमच्याकडं आता हा रिवाजच झालाय. खाली पाहुण्यांचे पोहे संपेपर्यंत वर दोघांनी बोलून घ्यायचं. पोह्यांना किती वेळ लागतो? दहा मिनिटं. खाणारा सावकाश असला तर बारा. गच्चीवर पाण्याची टाकी, वाळत घातलेल्या कुरडया, शेजारच्या गच्चीवर उगीचच कपडे झटकणाऱ्या दोन बायका, आणि या सगळ्यांच्या साक्षीनं आमच्या प्रांजलीनं ठरवायचं, की पुढची चाळीस वर्षं कुणाच्या घोरण्यानं जागं व्हायचं.

पहिल्या मुलानं तिला विचारलं, पाणीपुरी आवडते का. दुसऱ्यानं विचारलं, इन्स्टावर फॉलोअर किती. तिसरा नुसता टाकीकडं बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, ओव्हरफ्लो होतेय. चौथ्याबद्दल विचारलं तर ती म्हणाली, "आत्या, तो चांगला होता बहुतेक. मला आठवतच नाही."

पाचवं स्थळ शेंद्र्याचं आलं. मुलगा सत्यम, कंपनीत परमनंट, घरची आठ एकर, एकुलता एक, वडील नाहीत, आई गरीब स्वभावाची. त्रिंबकला ते इतकं पसंत पडलं की त्यानं फोनवर शब्दच देऊन टाकला. रविवारी या, तुम्ही बैठकीतून उठायच्या आत होय का नाय ते सांगतो. होय म्हटलं की लगेच साखरपुड्याची तारीख.

शनिवारी संध्याकाळी प्रांजली माझ्याकडं आली. माझा भाकरीचा धंदा आहे. दौलताबाद रोडवरच्या सहा ढाब्यांना मी ज्वारीच्या भाकरी पुरवते. मी थापत होते आणि ती पिठाच्या डब्यावर बसून माझं बघत होती.

"उद्या माझ्याकडून हो घेतील," ती म्हणाली.

"नाय म्हण मग."

"नाही म्हणायला तरी माणूस कळायला पाहिजे ना. मी हो म्हटलं तर का म्हटलं आणि नाही म्हटलं तर का म्हटलं, मला दोन्ही माहीत नसणार. मला त्याच्याशी नीट बोलायचंय, आत्या. एक तास. एवढंच पाहिजे मला."

मी भाकरी उलटली. मला बघायला आले तेव्हा त्यांनी मला ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवायला लावलं होतं, पायात दोष आहे का ते बघायला. मी तर त्यांना काहीच विचारलं नव्हतं. आमचे हे, रामहरी, बारावी पास आहेत असं सांगितलं होतं. लग्नानंतर सहाव्या वर्षी ट्रंक आवरताना कागद सापडला, दहावी, इंग्रजीत एकोणीस मार्क. तोवर दोन लेकरं झाली होती. मी हसले आणि कागद जागेवर ठेवला. आधी सांगितलं असतं तरी मी होच म्हणाले असते. वाईट त्याचंच वाटतं. बिचाऱ्यानं सहा वर्षं उगाच बारावी पास असल्यासारखं तोंड करून काढली.

आता माझ्या गाडीबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं.

गाडी म्हणजे स्कूटी नाही. गिअरची मोटारसायकल, शंभर सीसीची, एका रिटायर मास्तरांकडून सेकंडहँड घेतलेली. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी शिकले, पडेगावच्या मोकळ्या मैदानात, पहाटे, कुणी बघायच्या आत. बायकांना हिच्याबद्दल सांगितलं की त्या विचारतात, एवढी जुनी कशाला, जरा दमदार घ्यायची. पण दम कुणाला पाहिजे? तिसाच्या वेगानं जाताना मला सगळा रस्ता दिसतो. कुठल्या ढाब्यानं आचारी बदलला ते धुराच्या वासावर कळतं. कुठल्या वडाला मोहोळ लागलंय, कुणाच्या म्हशीला रेडकू झालंय, सगळं कळतं. ओळखीच्यानं हाक मारली तर मी अख्खं उत्तर देऊन पुढं जाते. कुत्री मागं लागतात, आणि चार उड्यांत माझ्याही पुढं निघून जातात. मग थांबून वळून बघतात. त्यांचंच तोंड पडतं.

तर शनिवारी त्या भाकरी थापता थापता माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. प्रांजलीला मी काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "उद्या साडी नेस. ड्रेस नको."

रविवारी अकराला पाहुणे आले. सत्यम आणि त्याची आई आशाबाई भाड्याच्या गाडीतून उतरले. त्यांच्या आधी पाच मिनिटं मुलाचे मामा आले, कृष्णामामा, साडेतीनशे सीसीच्या मोटारसायकलवर. आवाज असा, की आमच्या शेजारणीनं पाळण्यातलं पोर उचललं. मागच्या मडगार्डवर लिहिलं होतं, 'भाच्याची शान'. मामांचा गॉगल, मामांच्या मिशा, मामांचं पोट, सगळं त्या गाडीला शोभणारं होतं.

बैठकीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. प्रश्न सत्यमला विचारायचा आणि उत्तर मामांनी द्यायचं.

"ड्युटी कशी असते?" त्रिंबकनं विचारलं.

"शिफ्ट असतीय," मामा म्हणाले.

"नोकरी परमनंटच ना?"

"एकदम पक्की. रिटायर होईस्तोवर हलत नाय."

अशा वेळी सत्यम पोह्यातला शेंगदाणा शोधायचा. आशाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या आणि सोडायच्या. समोरच्या भिंतीवरच्या भरतकामाच्या मोराकडं बघून त्या एकदा हळूच म्हणाल्या, "छान काढलाय." त्रिंबक म्हणाला, "प्रांजलीनं केलाय, नववीत असताना." प्रांजलीनं तो मोर नववीत काय, कधीच केलेला नाही. तो मी प्रदर्शनातून आणला होता. पण आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक स्थळाला तो मोर दाखवला जातो, त्यामुळं आता त्यालाही खरं वाटत असेल.

त्रिंबक म्हणाला, "चला, दोघांना गच्चीवर जाऊ द्या."

"गच्चीवर कशाला?" मी म्हटलं. "त्यापेक्षा खुलताबादला जाऊन भद्रा मारुतीचं दर्शन घेऊन येऊ द्या. एवढं शुभकार्य. देवाच्या पायावर डोकं ठेवून ठरवलेलं बरं, नाय का?"

मारुतीचं नाव काढल्यावर नाही कोण म्हणणार. लग्नाच्या कामाला ब्रह्मचारी देव कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल तरी कुणी बोललं नाही. आशाबाईंनी तर बसल्या जागी हात जोडले.

मामांची तेवढी चलबिचल झाली. मग म्हणाले, "मग माझी गाडी घेऊन जा. तासाच्या आत दर्शन करून परत."

"तुमच्या गाडीला साडीगार्ड नाय, मामा," मी म्हटलं. "पोरीचा पदर चाकात गेला तर? माझ्या गाडीला आहे."

सगळ्यांनी प्रांजलीच्या साडीकडं बघितलं. सगळ्यांना पटलं.

"मग मी येतो की मागं मागं," मामा म्हणाले. "दोन तरुण जीव, लग्नाआधी असं एकटं फिरणं, लोक चार बाजूंनी बोलतात. आमचं म्हणणं, नजरेसमोर असलेलं चांगलं."

त्रिंबक माझ्याकडं वळला. "ताई, मग तू पण जा. बाईमाणूस बरोबर असलं म्हणजे बरं."

म्हणजे मी मामांच्या गाडीवर, मागं. मी पण साडीतच होते. माझ्या पदराची काळजी तिथं कुणालाच नव्हती. ही मेख फक्त त्रिंबकच्या ध्यानात आली, आणि त्यानं चहाचा कप तोंडाला लावला. भाऊ आहे माझा.

अंगणात मी सत्यमच्या हातात किल्ली दिली. "जपून चालव रे बाबा. म्हातारी झालीय. चाळीसच्या वर नेलीस की खोकते. आणि घाटात डबलसीट ओढत नाय, खाली उतरून चालावं लागतं."

आदल्याच दिवशी लग्नाच्या पंगतीसाठी नव्वद भाकरी घेऊन मी तिला पंचावन्ननं पळवली होती. घाटही चढवला होता. पण हे त्याला कशाला सांगू? त्यानं किक मारली, मान जराशी कलती करून इंजिनचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "बरं, आत्या."

पडेगावातून बाहेर पडेपर्यंत सगळं रांगेत होतं. पुढं ते दोघं, मागं आम्ही. हायवेला लागल्यावर मामांचे हाल सुरू झाले. सत्यमनं काटा तिसावर आणला आणि तिथंच ठेवला. मामांची गाडी दुसऱ्या गिअरात गुरगुरायची, तिसऱ्यात टाकली की गचके द्यायची. प्रत्येक गचक्याला माझं कपाळ मामांच्या पाठीवर. होळी होऊन गेलेली, वर ऊन आणि खाली इंजिन. मामा पाय फाकवून बसले होते, तापलेल्या तव्यावर बसल्यासारखे.

मागून ऊस नेणारा ट्रॅक्टर आला आणि आम्हाला ओव्हरटेक करून गेला. ट्रॉलीत उसावर बसलेल्या बाईनं मामांकडं बघून तोंडाला पदर लावला.

हे मामांना सहन झालं नाही. त्यांनी गाडीचा कान पिळला आणि आम्ही दोघांना मागं टाकून मिटमिट्याला पोचलो, तेव्हाच मामांना कळलं की नजरेसमोर कुणीच नाही.

"थांबू इथं," ते म्हणाले.

थांबलो ती मुनीरभाईंची चहाची टपरी. मुनीरभाई मला रोज बघतात. "क्या आपा, आज पिछे बैठे? अपनी गाडी किधर?"

"येतेय मागून," मी म्हटलं.

मामांचा चहा अर्धा झाला तेव्हा ते दोघं आले. आमच्यासमोरून गेले. प्रांजली बोलत होती, हातवारे करून, आणि सत्यम मान हलवत होता. आम्ही त्यांना दिसलोच नाही. मामांनी चहा टाकला, हेल्मेट घातलं, गाडी वळवली, स्टार्ट केली. तोवर ते दोघं पुढच्या वळणाला. दोन मिनिटांत आम्ही त्यांना गाठलं, दोन मिनिटं गचके खाल्ले, आणि परत पुढं.

शरणापूर फाट्यावर दुसरा चहा. या वेळी ते गेले तेव्हा सत्यम बोलत होता. किल्ल्याच्या पायथ्याशी, दौलताबादला, तिसरा चहा. मामांना नको होता, पण नुसतं उभं राहून काय करणार? तिथून ते गेले तेव्हा दोघंही गप्प होते. प्रांजली एका बाजूला बघत होती, सत्यम दुसऱ्या. म्हटलं, संपलं. माझ्या शहाणपणानं पोरीचं जमत आलेलं मोडलं.

मामा मात्र खूश झाले नाहीत, हे मला विचित्र वाटलं. ते जास्तच घाबरले.

"एवढं काय बोलले असतील हो?" ते म्हणाले.

"बोलू द्या की. तुम्हाला कशाची भीती?"

"भीती कशाची? पोरगं भोळं हाय आमचं. कुणी गोड बोललं की पोटातलं सगळं ओकतंय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मामा पोरीची अब्रू राखायला आलेच नव्हते. त्यांना सत्यमच्या तोंडावर पहारा ठेवायचा होता. आणि घरातला प्रत्येक प्रश्न त्यांनी स्वतःच्या अंगावर का घेतला, तेही मला कळलं.

"चला लवकर," मामा म्हणाले, "घाटात गाठू त्यांना."

दौलताबादच्या पुढं रस्ता जुन्या वेशीतून निघतो आणि घाट सुरू होतो. मामांनी घाटात त्यांना गाठलं खरं, पण चढावर आपली गाडी विसाच्याही खाली आणणं त्यांना झेपेना. मागून टुरिस्ट बस हॉर्न वाजवत होती. आम्ही आपले सरळ वर, शेवटच्या वळणावर, कठड्यापाशी.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली.

"खाली जाऊन बघून येतो," मामा म्हणाले.

"मला एकटीला सोडून?"

"मग चला बसा."

"गुडघा धरलाय, मामा. तुमच्या गाडीनं हाडं खिळखिळी झाली. जरा बसू द्या." मी कठड्यावर बसले आणि माझ्या ठणठणीत गुडघ्याला दोन्ही हातांनी चोळत राहिले. मामा खाली बघत होते, खिशातल्या फोनला हात लावत होते आणि काढत होते.

पंचविसाव्या मिनिटाला ते दिसले. गाडी बंद. किल्ली काढलेली. दोघं दोन बाजूंनी ढकलत, चालत येत होते. प्रांजलीच्या साडीच्या निऱ्यांना धूळ, सत्यमचा शर्ट पाठीला चिकटलेला. आणि दोघंही हसत होते, असं हसत होते की सत्यमला मध्येच थांबून ब्रेक धरावा लागला.

"बंद पडली?" मामा ओरडले.

"नाय मामा," सत्यम म्हणाला. "घाटात ओढत नाय, आत्यांनी सांगितलं होतं." आणि माझ्याकडं असं बघितलं की मी दुसरीकडं, किल्ल्याकडं बघायला लागले.

नंतर प्रांजलीनं मला सांगितलं. पडेगावची शेवटची घरं मागं पडायच्या आतच तो तिला म्हणाला होता, "तुमच्या आत्या खोटं बोलल्या. गाडी एकदम चांगली आहे. मी रोज इंजिनाचेच पार्ट तपासतो, आवाजावर कळतं."

ती म्हणाली, "मग पळवा की."

तो म्हणाला, "कशाला?"

ती सांगते, त्या 'कशाला'नंतर तिनं बोलायला सुरुवात केली.

दर्शन झालं, प्रसाद झाला. येताना मामांनी मागं राहायचा नादच सोडला. ते सरळ पडेगावला. आम्ही घरी पोचलो आणि पाऊण तासानं ते दोघं.

बैठकीत सगळे जागेवर बसले. त्रिंबक पंचांग मांडीवर घेऊनच बसला होता.

"मग? काय ठरलं म्हणायचं?"

प्रांजली बोलणार तोच सत्यम म्हणाला, "आधी मी सांगतो. मी परमनंट नाय. चार वर्षं झाली, कॉन्ट्रॅक्टवरच आहे. दर अकरा महिन्यांनी कागद नवा होतो. आणि आठ एकरातली पाच मामांची आहे, आमची तीन."

मामांनी कपात बघितलं, कप रिकामा होता, तरी बघत राहिले.

त्रिंबकचं पंचांग मिटलं. तो उठून उभाच राहिला. "म्हणजे खोटं सांगून आमच्या घरात आलात? पोरीच्या जल्माचा प्रश्न आहे. मला नाय चालणार हे."

त्रिंबक एकदा नाही म्हणाला की त्याला परत होयवर आणणं माझ्या बापालाही जमलं नव्हतं.

"बाबा, बसा," प्रांजली म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "मी पण त्यांना घाटात सांगितलंय. बायोडाटात माझं वय चोवीस लिहिलंय. मी सव्वीसची आहे."

त्रिंबक उभाच होता.

"आणि तो मोर आत्यानं विकत आणलाय."

त्रिंबक बसला. बसताना त्यानं मोराकडं असं बघितलं, जशी काही चूक मोराचीच होती.

"आम्ही घाटात हेच करत होतो," प्रांजली म्हणाली. "त्यांनी त्यांच्या घरचं एक खोटं सांगायचं, मी आपल्या घरचं एक. बरोबरीत सुटलो आम्ही. मी तर एकानं पुढंच होते."

"कुठलं ते?" त्रिंबकनं बारीक आवाजात विचारलं.

"ते नको बाबा, मामांसमोर."

मामांनी पहिल्यांदाच मान वर केली. "आम्ही बी काय वाईटासाठी नाय बोललो," ते त्रिंबकला म्हणाले. "कॉन्ट्रॅक्ट म्हटलं की मुलीवाले फोनच ठेवतात. तुम्हीच सांगा, ठेवला नसता तुम्ही?"

"ठेवला असता," त्रिंबक म्हणाला. मग मामांकडं वळून, "आणि सव्वीस म्हटलं असतं तर तुम्ही?"

"आम्ही बी."

दोघं एकमेकांकडं बघत बसले, एकाच चोरीत पकडलेल्या दोन माणसांसारखे.

"पण होय का नाय, ते राहिलं," त्रिंबक प्रांजलीला म्हणाला. आता त्याच्या आवाजात विचारणं होतं. सकाळपासून ते नव्हतं.

प्रांजलीनं एकदा सत्यमकडं बघितलं. तो शेंगदाणे शोधत नव्हता. सरळ तिच्याकडंच बघत होता.

"होय," ती म्हणाली. "का म्हणते तेही मला माहीत आहे. पण तारीख आज नको. दिवाळीनंतर. अजून बरंच बोलायचं राहिलंय."

त्रिंबकनं आशाबाईंकडं बघितलं. मुलाच्या आईला दिवाळीपर्यंत थांबणं चालतं का, हा प्रश्न होताच. मामा म्हणाले, "आक्का, तू बोल आता. मी बोलतच नाय."

आशाबाईंनी पदराचं टोक बोटावरून सोडवलं. सकाळपासून त्या दहा शब्दही बोलल्या नव्हत्या.

"सगळं निघतंयच तर सांगून टाकते," त्या म्हणाल्या. "मला शुगर हाय. नऊ वर्षं झाली. हा माझा भाऊ म्हणला, सांगू नको, पोरीला वाटंल सासूचं करावं लागतंय. म्हणून सकाळपासून तीन कप गोड चहा पिले मी, दोन लाडू खाल्ले. आता डोकं गरगरतंय. जरा बिनसाखरेचा चहा मिळंल का?"

प्रांजली उठून आत गेली. कुणी काही म्हणायच्या आत सत्यमही उठला आणि तिच्या मागं स्वयंपाकघरात गेला. मामांनी हाक मारायला तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि मिटलं.

"चहाला पाच मिनिटं लागतात," मी त्रिंबकला म्हटलं.

त्या चहाला पस्तीस मिनिटं लागली. शेवटी आशाबाईंसाठी मी शेजारणीकडून करून आणला.